तिसरा रोज

कुंदनचा क्लास चोपड्यात, टायरच्या दुकानावर.
जिन्यात रबराचा वास, वर पाच कॉम्प्युटर,
चार पोरं एकोणीस-वीसची, आणि मी,
उपकेंद्राची सिस्टर, गुडघा धरून.

पहिल्या रविवारी म्हणाला, जन्मतारीख द्या,
आजच्या तारखेतून वजा करा.
मी दिली एक जून चौऱ्याहत्तर.
ती हेडमास्तरांची देणगी,
आमच्या वर्गात सव्वीस जण एक जूनचे.
आई सांगायची, कापसाच्या वेचणीतली तू.
स्क्रीनवर आलं: अठरा हजार आठशे सतरा.
खोट्या तारखेपासून का होईना,
इतकं अचूक मला कुणी मोजलं नव्हतं.

त्याआधी चुकले, ते सगळं वहीत आहे.
तारीख आधी मागवून घ्यावी लागते,
शेजारणीकडून विरजण आणावं तशी.
वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस,
आपल्या उलट.
सहाच्या मागे शून्य लावलं तर पायथन रुसतो.
आणि अवतरणात ठेवलेली तारीख म्हणजे नुसती अक्षरं;
अक्षरांतून अक्षरं वजा होत नाहीत.
आकड्याशेजारी तो ०:००:०० पण छापतो,
न विचारलेले तास, मिनिटं, सेकंद.
कुंदन म्हणाला, सोडून द्या मावशी, त्याला नुसते दिवस मागा.

का शिकताय, हेही त्याने विचारलं.
मी पर्समधलं पुठ्ठ्याचं चाक दाखवलं,
पाळीची तारीख बाणाशी लावली की बाळंतपणाची दाखवणारं.
भिजून भिजून ऑगस्ट पुसला गेलाय त्यावरचा,
आणि बाया काय ऑगस्ट टाळून येतात थोड्याच.

सतरा डिसेंबर, बुधवार. रंजू कोळी, पहिलटकरीण.
शेवटची पाळी कधी?
"आखाजीले माहेर येल व्हतू, झोका खेयनू.
तठून तिसरा रोजले."
लॅपटॉप माझा, भाच्याने टाकलेला, बॅटरी दीड तासाची.
त्याला आखाजी माहीत नाही.
भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटत नेलं,
तीस एप्रिल.
त्यात तीन मिळवणार होते, बोट थांबलं.
रंजूचा तिसरा रोज आखाजी धरून.
आखाजी एक, दुसरा दिवस दोन, तिसरा तीन.
आम्ही ज्या दिवसावर उभे असतो तोही मोजतो.
मशीन तो पायाखाली सोडतं,
पाऊल पुढे पडलं की मग एक म्हणतं.
मी दोन मिळवले. दोन मे.

दोनशे एकोणतीस दिवस.
सातने भागून बत्तीस आठवडे, बाकी पाच.
दोनशे ऐंशी मिळवून सहा फेब्रुवारी.
रंजू वाकून बघत होती.
"यामा पोरगं दिसस का?"
नाही गं, यात फक्त दिवस.

पोरगी आली एकोणतीस जानेवारीला, पहाटे,
लाइट गेलेली, मोबाइलचा उजेड सासूच्या हातात.
झालेल्या तारखेतून मी दिलेली वजा केली: उणे आठ.
वजनकाट्यावर दोन किलो आठशे.
रजिस्टरात वेळेचा रकाना भरला, चार वाजून वीस,
आणि ते ०:००:०० आठवलं.

सासूने विचारलं, बारसं कोणत्या तारखेला?
बाराव्या दिवशी. मशीनला सांगायचं अकरा.
नऊ फेब्रुवारी.
आता हात आपोआप एक कमी करतो,
परवा बाजारात केळ्यांची डझन मोजतानाही
पहिलं केळ धरावं की सोडावं, क्षणभर कळेना.

रंजू भिंतीकडे तोंड करून पडलेली.
म्हणाली, ताई, यंदाची आखाजी येईपर्यंत
पोरगी किती रोजनी होई?
कॅलेंडर बघून मीच सांगितली त्याला एकोणीस एप्रिल.
ऐंशी, म्हणाले.
तिने मनातल्या मनात एक मिळवला असणार,
पण बोलली एवढंच:
"मंग झोकाले ल्हानच ऱ्हाई."